मातीच्या बांधाचं बूच

धरणाचं बूच मी उपटलं. पोहता पोहता, काही कारण नसताना.

धरण म्हणजे भिवंडीबाहेर, माझ्या लूमवरच्या जोडीदाराच्या पाड्यामागचा मातीचा बांध. त्यात अडलेल्या पाण्यावर खालचा प्यायच्या पाण्याचा झिरा जिवंत राहायचा आणि झिऱ्यावर सगळा पाडा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शुक्रवारी लूम बंद, म्हणून जोडीदाराने मला पोहायला नेलं.

आठवडाभर खटखट ऐकलेल्या कानांत पाणी शिरलं आणि जग बंद पडलं. मी उताणा तरंगत होतो. वर एक घार इतकी सावकाश फिरत होती की तीच मला फिरवतेय असं वाटावं. तसाच वाहत बांधाला टेकलो, तर बोटांना एक चिंधी लागली. आता लूमवाल्याचा हात तो! सुटलेला धागा दिसला की ओढायचा, ही खोड झोपेतही जात नाही. ओढली. लांबच लांब येत गेली. मला आपली गंमत वाटली.

ती बांधातून भाजीच्या वाफ्यांना पाणी सोडायच्या पाइपातल्या लाकडी बुचाला गुंडाळलेली होती. बूच सैल झालं आणि पाइपातून सुळकन पलीकडे गेलं.

"अबे, क्या किया!" जोडीदार ओरडला. "भोकावर बस! पानी गेला तर झिरा सुकंल!"

बसलो. पाण्याने मला मागून असं खेचून धरलं की उठायचा प्रश्नच नव्हता. बांधापलीकडे सगळा पाडा ओहोळात बूच शोधत होता. त्यांच्या हाका दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारख्या वाटत होत्या. छातीवर उन्हाची जाळी हलत होती, मासोळ्या बोटं चाटत होत्या. खोटं कशाला सांगू, अशा वेळी माणसाने घाबरावं. मला डुलकी लागत होती.

"झोपला का रं?" जोडीदाराची आई बांधावर येऊन उभी होती.

"नाही, मावशी."

"हाललास तर बघ. नदीवरून हंडं माझ्या सुना वाहतील, तू न्हाय."

अखेर बूच सापडलं. चिंधी पुन्हा गुंडाळून जोडीदार पाण्यात उतरला आणि मला म्हणाला, "चल, सरक."

"ऱ्हाऊ दे त्याला तिथंच," मावशी म्हणाली. "एक थेंब गेला न्हाय. ते लाकूड दे चुलीत घालाया. दोघांत फरक काय हाय?"