जपानी कुंडीतली खीर

हा किस्सा शंभर टक्के खरा आहे. खोटा निघाला तर शहाद्याच्या एस.टी. स्टँडावर मला उलटं टांगा. आता शंभर टक्के म्हणजे माझे शंभर टक्के, त्यात थोडं पाणी धरूनच चला. आणि स्टँडावर गर्दी असते, ते टांगायचंही राहू द्या.

पण मी जो घोळ घातला, तो माझ्याच तोंडून ऐका. आमची मंडळी सांगायला लागली की फार लांबवते.

आमच्या शेजारी कांतीशेठ राहतात. कापडाचं दुकान, माणूस मोठा सज्जन, पण नाद बोन्सायचा. त्यांचा वड अठरा वर्षांचा आहे आणि माझ्या गुडघ्याला लागत नाही. एका जपानी कुंभाराने वीस वर्षांपूर्वी हाताने घडवलेली कुंडी त्यांच्याकडे होती. तोच कुंभार सुरतेच्या प्रदर्शनात येणार होता. शेठला त्याच्यासमोर त्या कुंडीत वड लावायचा होता आणि त्याच्याकडून एकदा शाबासकी घ्यायची होती. महिनाभर दुसरा विषय नाही.

त्यात त्यांच्या घरी रंगकाम निघालं. शेठ रिकामी कुंडी घेऊन माझ्याकडे आले.

"पाटील, दोन दिन सांभाळा. हिन्ही एक गंमत सांगू का तुमले?"

"शेठ, आमच्या गावात कुंभारवाडा होता. मले काय भांडं शिकाडतस?"

झालं. शेठ कुंडी ठेवून निघून गेले. ती गंमत मी ऐकली असती तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

कुंडी पाहिली. बसकी, तपकिरी, चार बुटके पाय. अंगावर काळपट डाग, पांढुरके ओघळ, कोपऱ्यात हिरवट छटा. तळाला दोन भोकं. म्हटलं, जपान्याचाही माल फुटका निघतो म्हणायचा.

आता मला सांगा, शेजाऱ्याचं भांडं आपल्या घरून परत जाताना कसं जातं? घासून जातं, आणि रिकामं जात नाही. आईने लावलेली शिस्त आहे. मी चिंच घेतली, विटेची भुकटी घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि मोरीवर बसलो.

"काय करी ऱ्हायनात?" बायको म्हणाली. "लोकेसनं भांडं शे. जसं शे तसं दी टाका."

"तू उगी ऱ्हाय. शेठ खूश हुई जाई."

दोन तास घासली. कुंडी अशी लालबुंद निघाली, जणू आत्ताच भट्टीतून काढली. न्हाणीघराच्या फरशीच्या कामातून उरलेलं पांढरं सिमेंट होतं, त्याने भोकं बुजवली. रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी काठोकाठ गव्हाची खीर भरली, वर वेलची. शेठ जैन, म्हणून सूर्य मावळायच्या आत पोचवली. इतका मी विचारी माणूस.

शेठने वरचा रुमाल काढला. आधी खिरीकडे पाहिलं, मग कुंडीकडे, मग भिंतीला टेकून खालीच बसले.

"पाटील, हाई काय करी ठेवं तुम्ही?"

"घासी टाकी. आनि दोन भोकं व्हतात, त्या बी बुजी दिन्ह्यात."

मग शेठने ती गंमत सांगितली. हे जपानी कुंभार म्हणे भट्टीत अर्धंच काम करतात. उरलेलं अर्धं कुंडी सांभाळणाऱ्याने करायचं. रोजचं पाणी, ऊन, हाताचा स्पर्श. वीस वर्षांनी जो रंग चढतो, त्याच्यासाठी कुंडी जपायची. आणि भोकं बुजली तर झाड सडतं.

"मी त्याले काय दाखाडू आते?"

मी म्हटलं, "खीर तरी खाई ल्या."

रविवारी शेठने मला गाडीत घातलं. म्हणाले, "चला, तुम्हीच सांगा त्याले." विसरवाडीला चहाला थांबलो. शेठने एकच चहा सांगितला. नवापूर गेलं, सुरत आलं.

तो कुंभार सत्तरीचा, बारीक, शांत. त्याने कुंडी हातात घेतली, उलटी केली. तळाला त्याचाच शिक्का. शेठने छिन्नीने मोकळ्या केलेल्या भोकांत बोट घालून पाहिलं. मग सोबतच्या दुभाषी बाईंना काही विचारलं.

"ते विचारतात, हे कोणी घासलं?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. त्याने कुंडी बराच वेळ गोल फिरवली आणि हळूच काहीतरी बोलला. बाईंनी सांगितलं, "ते म्हणतात, भट्टीतून काढली तेव्हाचा तिचा रंग ते विसरले होते. तुमच्यामुळे पुन्हा दिसला." त्याने शेठला दोन्ही हातांनी कुंडी परत दिली आणि वहीत लिहून घेतलं : चिंच, विटेची भुकटी, नारळाची शेंडी.

गावात मी इथवरच सांगतो. पण तुम्ही चहा पाजलात, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? रंग, वही, शाबासकी, हे सगळं मी घातलेलं आहे. मी हात वर केला इथवर खरं.

त्यानंतर तो म्हातारा माझ्या हातांकडे पाहत राहिला आणि एकच वाक्य बोलला. बाईंनी भीत भीत सांगितलं, "ते विनंती करतात, टेबलावरच्या बाकीच्या कुंड्यांपासून आपण जरा लांब उभं राहावं."

जपानी माणूस मोठा नम्र. हे सांगताना तो कमरेत वाकला होता. त्याच्या शेजारी आमचे कांतीशेठही वाकले होते.