आधी घाण, मग चहा

ते बटण मी दाबलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला दुसऱ्यांवर रागवायचं आहे, आणि माझ्यासारखा माणूस स्वतःला सोडून सगळ्यांवर छान रागावतो.

सुरतेत आमचं कापडाचं ऑफिस. तिथे मी मॅनेजर, म्हणजे फोन वाजला की दचकणारा सगळ्यात जुना माणूस. येणाऱ्या मेलपैकी ज्या संशयास्पद, त्या कॉम्प्युटर एका बाजूला अडकवून ठेवतो. त्या तपासायचं काम एका ताईंकडे होतं. मूळच्या खानदेशातल्या, आता सुरतेतल्याच गोडादऱ्याहून यायच्या. खुर्चीत बसताच धुणं धुवायला बसावं तसा पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "आधी घाण, मग चहा."

न वाचता पुसून टाकायची सोय नव्हती. अंगाच्या रंगाच्या छटेला आमच्या धंद्यात सर्रास 'न्यूड' म्हणतात. अस्तराची साधी ऑर्डरसुद्धा कॉम्प्युटरला अश्लील वाटायची. मग लॉटऱ्या, नागडे फोटो आणि शिव्यांच्या ढिगातून ताई आमची अस्तरं वेचून काढायच्या.

"घ्या भाऊ, तुमची ऑर्डर. आंघोळ घालून आणलीय."

आम्ही हसायचो. त्या ढिगात रोज काय काय वाचावं लागतं, हे कुणी विचारलं नाही.

एकदा त्या हसल्या नाहीत. आमच्या सॅम्पल टेबलावर काम करणाऱ्या मुलीबद्दल कुणीतरी खोट्या नावाने, सगळ्या ऑफिसला एकदम जाणाऱ्या पत्त्यावर, गलिच्छ मेल पाठवत होता.

"भाऊ, तिच्या आजच्या ड्रेसचा रंग लिहिलाय यात. बाहेरच्याला कसा कळणार?"

"पुसून टाका ना ताई. कशाला वाढवायचं?" हे मी.

"पुसलं तर पुरावा गेला. मी ठेवते. तुम्ही शेठला सांगा."

तीनदा त्यांनी सांगितलं. तीनदा मी मान हलवली. ती मान शेठच्या केबिनपर्यंत काही गेली नाही.

ताई भाचीच्या साखरपुड्याला नंदुरबारला गेल्या, त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाची ऑर्डर अडकली. तो फोनवर ओरडत होता. मी ताईंच्या खुर्चीत बसलो, चष्मा कपाळावर, आणि 'सगळे सोडा' हे बटण दाबलं.

ऑर्डर सुटली. बाकीचंही सुटलं. मिनिटभरात प्रत्येकाच्या पडद्यावर त्या मुलीचं नाव. ती उठली, पर्स घेतली, कुणाकडेही न बघता जिना उतरली. आमचे पुरुष मान खाली घालून बसले होते. लाजेने नव्हे. वाचत होते.

शेठ तापले. लिहिणाऱ्यावर नाही. "आ कचरो साचवीने कोणे राख्यो? डिलीट करवानुं होय, फाइल थोडी बनाववानी होय! बेनने कही दो, कालथी नहीं आवे." म्हणजे कचरा पुसायचा सोडून साठवला हा ताईंचा गुन्हा, आणि उद्यापासून त्यांनी यायचं नाही.

मी समोरच उभा होतो. बटण कुणी दाबलं, हे त्यांनी विचारलं नाही. आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायची मला सवय नाही.

तरी दुसऱ्या दिवशी ताई आल्या. छापलेल्या मेलचा गठ्ठा त्यांनी शेठच्या टेबलावर ठेवला. प्रत्येक कागदावर तारीख.

"मला काढा शेठ. पण हा जो कुणी रोज इथे येऊन बसतो, त्याला शोधा."

शेठनी गठ्ठा कचऱ्याच्या टोपलीत टाकला. ताईंनी वाकून तो उचलला, झटकला, पिशवीत घातला. "मग पोलिसांत देते."

जाताना माझ्यापाशी थांबल्या. "भाऊ, तुमची ऑर्डर सुटली ना?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होत्या. त्याचाच मला अजून संताप येतो.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. शेठला दोन शिव्या, त्या लपलेल्या डुकराला चार. ती पोळी लाटायची थांबली.

"त्या बाईंनी इतकी वर्षं तुमच्या सगळ्यांची घाण वाचली, आणि तुमच्याच्याने एक वाक्य बोलवलं नाही?"

मी ताट पुढे ओढलं.

"पोलिसांत त्यांच्याबरोबर तुम्ही जाताय, की बटण कुणी दाबलं ते मीच जाऊन सांगू?"