धम्मशाळेतलं पाळणाघर आणि पुसलेली तीट

आमच्या विहाराला लागून असलेल्या धम्मशाळेत पाळणाघर काढण्यामागं माझा हेतू पूर्णपणे निःस्वार्थी होता, असं मी समितीला सांगितलं होतं.

समितीनं ते मानलंही. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या तोंडावर खोटं दिसत नाही, ही त्या नोकरीची मोठी सोय आहे. (निवृत्तीनंतर बाकी काही उरत नाही, ही तेवढी उरते.) खरा हेतू दहा महिन्यांचा होता, पुण्यात राहत होता आणि त्याचं नाव मैत्री होतं.

मैत्री माझी नात. मुलगा राहुल कॉम्प्युटरवर काम करतो, सून प्रेरणा सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मैत्री बारा दिवसांची असताना मी तिला एकदाच बघितलं होतं. तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणजे तशी भेट झालीच नाही! नंतर माझ्या बायकोच्या, सुमनच्या गुडघ्यांनी प्रवासाला साफ नकार दिला. मग काय, रोज संध्याकाळी सात वाजता मैत्री पाच मिनिटं फोनात यायची. मला फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे तिला माझं फक्त कपाळ आणि एक नाकपुडी दिसायची. तेवढ्यावर ती खदखदून हसायची.

फोन बंद झाला की घर एकदम मोठं व्हायचं. सुमन धुतलेलं पातेलं परत धुवायला घ्यायची. मी उगाच दाराची कडी बघून यायचो. नातीची आठवण अशी यायची की छातीत दुखायचं, पण साठी उलटलेल्या मास्तरानं हे सांगायचं कुणाला? 

एके दिवशी प्रेरणा म्हणाली, "बाबा, तुमच्या जवळच्या कळमनुरीला बदली मागता येईल मला. राहुलचं काम तर घरूनच चालतं. पण माझी ड्युटी, आईंचे गुडघे असे. मैत्रीला दिवसभर बघणार कोण?"

"पाळणाघर आहे की आमच्याकडं!" मी म्हणालो.

नव्हतं. गावात काय, बाळापूरपासून डोंगरकड्यापर्यंतच्या पट्ट्यात मी पाळणाघराची पाटी पाहिली नव्हती. पण तोंडातून निघून गेलं.

"खरंच?"

"म्हणजे होऊन राहिलंय. पौर्णिमेला उद्घाटन आहे."

"मग मी येतेच बघायला! एक दिवस मैत्रीला ठेवून बघते. पटलं तर लगेच अर्ज करते."

पौर्णिमा अठरा दिवसांवर होती. सुमन माझ्याकडं बघतच राहिली. "अवं, कसलं पाळणाघर? कुठं?" मी म्हणालो, "तेच आता ठरवायचंय."

जागा तशी डोळ्यांसमोर होती. धम्मशाळेचा मोठा हॉल फक्त रविवारी उघडायचा. मी तिथं पोरांना त्रिशरण-पंचशील शिकवायचो, अंधश्रद्धेवर बोलायचो, आणि उरलेले सहा दिवस तिथं पारवे नांदायचे. गरजही खरीच होती. हळद काढायच्या दिवसांत बायका लेकरं शेतात नेत, बाभळीला झोळी बांधत आणि कामापेक्षा झोळीकडंच जास्त बघत. हे सगळं मी समितीपुढं इतकं कळवळून मांडलं की माझं मलाच भरून आलं.

समितीचे अध्यक्ष दगडूआबा मात्र भरून येणाऱ्यातले नाहीत.

"गुरुजी, लेकरं मुततेत."

"आबा, तुमी काय धोतर नेसून जन्मले होते काय?"

बायकांमध्ये हशा पिकला आणि ठराव मंजूर झाला. आबांनी हरल्यावर एक अट घातलीच. विहाराच्या आवारात यायचं तर पांढऱ्या कपड्यात, मग लेकरू असो की म्हातारं. मला मान्यच होतं. सांभाळायला कौसाबाई तयार झाल्या. त्यांनी स्वतःची सात लेकरं वाढवली आहेत. त्या म्हणाल्या, "लेकरं मी बघते. पन गुरुजींला कोण बघंल?" तेव्हा मी यावर हसलो होतो.

शेवटी मीही माझी एक अट घातली. लेकरांना तीट लावायची नाही, मनगटात-कंबरेला काळा दोरा बांधायचा नाही. नजर लागणं ही अंधश्रद्धा आहे, हे धम्मशाळेत नाही पाळायचं तर कुठं? टाळ्या पडल्या. (त्या मीच सुरू केल्या होत्या.)

बाळापूरच्या बाजारातून एकाच ताग्यातलं पांढरं कापड आणलं. शिंप्याकडून मैत्री धरून नऊ लेकरांची नऊ झबली आणि नऊ टोपडी शिवून घेतली. मापं द्यायला लेकरं थांबेनात, म्हणून सगळी एकाच मापाची!

पौर्णिमेला सकाळी प्रेरणा मैत्रीला घेऊन जीपमधून उतरली. मी दोन्ही हात पसरून धावलो. "मैत्रीऽऽ! आजोबा!"

मैत्रीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कान, गळा, पोट हा सगळा भाग तिला नवीन होता. तिनं असा टाहो फोडला की जीपवाल्यानं गाडी बंद केली.

"बाबा, तिनं तुम्हाला फोनातच बघितलंय हो," प्रेरणा ओशाळून म्हणाली.

मी दारामागं गेलो आणि तिथून प्रेरणाला व्हिडिओ कॉल लावला. कपाळ, एक नाकपुडी. मैत्री खदखदून हसली! मी हळूच दाराबाहेर डोकावलो. परत टाहो! मग काय, ज्या क्षणाची दहा महिने वाट बघितली, त्या क्षणी मी सख्ख्या नातीशी एकाच घरातून फोनवर बोलत बसलो.

उद्घाटनाला मी धम्मशाळेच्या दारात तांब्या आणि रुमाल घेऊन उभा राहिलो. जे लेकरू येईल त्याची तीट पुसायची, दोरा सोडून आईच्या हातात द्यायचा. शेजारच्या तांड्यावरची कविता तिच्या किसनला घेऊन आली. नऊ महिन्यांचं गुटगुटीत पोरगं, आणि गालावर तीट केवढी, तर गाल कमी आणि तीट जास्त!

"राहू द्या ना गुरुजी. सासू मारंल मला."

"सासूला माझ्याकडं पाठव. मी समजावतो."

"तुमाला बी मारंल."

मी पुसली. चांगली घासून पुसली. नऊ लेकरं, नऊ पांढरी झबली, नऊ पांढरी टोपडी, गालावर कुणाच्या ठिपका नाही. काय तो देखावा! त्रिशरण सुरू झालं आणि पंचशील संपेपर्यंत अर्धी लेकरं झोपलीसुद्धा.

प्रेरणानं नर्सच्या नजरेनं सगळं तपासलं. पिण्याचं पाणी, सतरंज्या, विजेची बटणं लेकरांच्या हाताला लागतात का, ते सगळं. माझा जीव टांगणीला लागला होता.

"छान आहे बाबा," ती म्हणाली. "दोन वाजेपर्यंत ठेवून बघू." आणि प्रवासानं थकलेली सून घरी जाऊन झोपली.

दीडलाच मी पायात चप्पल घातली. "मी आणतो मैत्रीला."

"तुमी नका जाऊ," सुमन म्हणाली. "तुमाला पाहून रडती ती. काहून रडवता लेकराला?"

"सुमन, रक्ताची ओढ असती. एकदा कडेवर आली की बघ."

(नजर लागत नाही, पण रक्ताला ओढ असते! रविवारी पोरांना विज्ञान शिकवणारा माणूस हा.)

कौसाबाई मागच्या खोलीत दूध गरम करत होत्या. हॉलमध्ये ओळीनं लेकरं झोपली होती. एकच जागं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ते हसलं. मधात फोन नाही, दार नाही. सरळ माझ्याकडं बघून हसलं! खोटं कशाला सांगू, माझे डोळे असे भरून आले की चष्मा काढून खिशात ठेवावा लागला. मी खाली वाकलो. त्यानं हात पसरले. उचलून छातीशी धरलं तर त्यानं माझी मिशीच पकडली. दहा महिन्यांचं सगळं दुखणं त्या मुठीत गेलं.

"कौसाबाई, नेतो मैत्रीला!"

"न्या, न्या!" आतून आवाज आला.

धम्मशाळेपासून घर चार मिनिटांवर आहे. मला पाऊण तास लागला. पारावर थांबलो, किराणा दुकानावर थांबलो, ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं त्यांच्याही ओट्यावर थांबलो. "ही आमची मैत्री! पुण्याहून आली!"

"कपाळ बराबर तुमच्यावर गेलं," दुकानदार म्हणाला.

दगडूआबांनी निरखून बघितलं. "नाक तर तुमचंच हाये, गुरुजी."

"आहेच मुळी!" मी म्हणालो आणि माझं नाक दोन्ही बाजूंनी दाखवलं.

घरी आलो. प्रेरणा आतल्या खोलीत झोपली होती. मी लेकरू सुमनच्या मांडीवर ठेवलं. "बघ, रडली का? म्हणलं होतं न्हाई मी?"

सुमननं ओलं लंगोट सोडलं.

"अवं."

"काय?"

"तुमी हे कुठून आणलं?"

"धम्मशाळेतून. काहून?"

"हे पोरगं हाये!"

मी चष्मा लावला. शंकेला जागाच नव्हती. आणि असलीच, तर त्या पोरानं त्याच क्षणी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर लांबून धार मारून तीही मिटवली.

तेवढ्यात गल्लीतून कालवा ऐकू आला. दुपारच्या सुट्टीत कविता किसनला पाजायला धम्मशाळेत आली होती, आणि किसन नव्हता! आवाजानं प्रेरणा जागी होऊन दारात आली. तिनं सुमनकडं बघितलं, मांडीवरच्या पोराकडं बघितलं.

"बाबा, मैत्री कुठंय?"

"आहे," मी म्हणालो. "फक्त इथं नाही."

आयुष्यात इतकं वाईट वाक्य मी दुसरं बोललो नाही.  प्रेरणा चप्पल न घालताच अंगणात धावली, तर समोरून कविताच येत होती. मागं कौसाबाई, पाच-सहा बायका आणि सगळ्यांत मागं दगडूआबा. (हे आता माझ्या नाकाकडं बघतच नव्हते.) कविताच्या कडेवर मैत्री होती. हातात भाकरीचा तुकडा, तोंडभर लाळ आणि गालावर ही एवढी काळी तीट!

"घ्या गुरुजी तुमची पोरगी, द्या माझं पोरगं," कविता म्हणाली. "आन् आता तीट पुसाल तर बघा!"

किसनला मी सुमनच्या मांडीवरून उचलून पुढं केलं, पण तो परत धरलेली माझी मिशी सोडेना. बायका पोट धरून हसून राहिल्या होत्या. मला मात्र एकच दिसत होतं. पाळणाघर, अर्ज, बदली, सगळं माझ्याच हातानं गेलं होतं. मी म्हणालो, "प्रेरणा, चूक झाली माझी. लई आस लागली होती गं तिची. तू नको करू अर्ज. पुण्यातच..." 

प्रेरणानं मैत्रीला घेतलं, पण बोलली ती कविताशी. "ही रडली नाही?"

"काहून रडंल? म्या गेले तवा जागी व्हती. किसन दिसंना म्हून माझाच जीव उडाला, तर हीच आली रांगत मांडीवर. अर्धी भाकर खाल्ली तिनं."

"पुण्यात दिवसभर रडते हो ही," प्रेरणा म्हणाली. "संध्याकाळी घ्यायला जाते तर आवाज बसलेला असतो." आणि तीच रडायला लागली. मग माझ्या ओल्या सदऱ्याकडं तिचं लक्ष गेलं आणि रडता रडता ती हसायला लागली. "बाबा, पाळणाघर एकदम चांगलंय. अर्ज करते मी. फक्त तिला आणायला तुम्ही जायचं नाही."

तिसऱ्या दिवशी त्या परत गेल्या. जीप यायच्या आधी मैत्री माझ्याकडं आली, फोनाशिवाय, अर्धा मिनिट. तिनंही मिशी ओढली. जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभा होतो.

आता चार महिने झाले. अर्ज वर गेलाय, वरून खाली यायचाय. पाळणाघरात लेकरं चौदा झालीत. मी रोज तिथं जाऊन बसतो, आणि किसन माझ्या मांडीवरून हलत नाही. तीट ही अंधश्रद्धाच आहे, हे मी दर रविवारी न चुकता शिकवतो. सोमवार ते शनिवार मात्र तांब्या आणि रुमाल घरीच ठेवतो. मैत्रीचं पांढरं झबलं आता तिला होणार नाही, म्हणून सुमननं दुसरं शिवून घेतलंय, एक माप मोठं. ते ती अधूनमधून पेटीतून काढते, घडी मोडते आणि परत घालते.

काल सात वाजता फोन आला. मैत्री धरून धरून उभी राहायला लागलीय. प्रेरणा म्हणाली, "ऑर्डर निघाली की दुसऱ्या दिवशी निघतो, बाबा."

"ये बेटा," मी म्हणालो. "फक्त येताना एक कर. तिच्या गालावर तीट लावून आण. चांगली मोठी, लांबून दिसंल अशी."

मागून सुमन ओरडली, "तू नको काळजी करू गं! पोरीला जीपमधून मी उतरवून घेईन. तुझे सासरे नुसती पिशवी धरतील. आन् ती पिशवी तरी आपलीच हाये का, ते मी बघून घेईन!"