परत कधी जाणार?

मलेशियाला व्हिसा लागत नाही, ही बातमी माझ्या वैजापूरच्या मेव्हण्यानं अशी सांगितली, जणू त्याच्याच शिफारशीनं तो नियम निघाला होता. आम्ही ऐटीत तिथल्या विमानतळावर उतरलो. खिडकीतल्या साहेबानं पहिलंच विचारलं, "परत कधी जाणार? परतीचं तिकीट दाखवा." मेव्हण्यानं ते काढलंच नव्हतं. उलट माझ्यावरच भडकला, "पाण्याचं इचारलं नाय, आन् आल्या आल्या जायचं इचारतो! पाहुण्याला असं इचारतं का कुणी?" शेवटी मोबाइलवर महागातलं तिकीट काढलं, तेव्हा कुठं आत सोडलं.

परतल्यावर मेव्हणा आमच्या छावणी भागातल्या घरी दोन दिवस टेकायला म्हणून आला. त्याला आता महिना झाला. पाहुण्याला आम्ही विचारत नाही. त्या साहेबाची मात्र मला रोज आठवण येते.