पालथा ग्लास ठेवणारं गिऱ्हाईक

भास्करराव गेल्याचं मला घरून कळलं नाही, हॉटेलातून कळलं. वडवणीच्या माझ्या दुकानात मी साड्यांच्या घड्या घालत होतो. त्यांच्याच मोबाइलवरून फोन आला, पण आवाज भलताच. "मी हायवेवरच्या हॉटेलातून बोलतो, विष्णू, वेटर. काकांनी शेवटचा फोन तुमालाच केलता म्हणून लावला. आमचे काका जेवता जेवता कलंडले. दवाखान्यात नेलं, पण..." मी शटर ओढलं आणि बीडची गाडी धरली. वाटभर रडूही येईना. एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली, की हा त्यांना 'आमचे काका' का म्हणाला? त्या हॉटेलात कुणी ओळखू नये, हेच तर भास्कररावांचं काम होतं.

महिना उलटून गेला, तरी मन थाऱ्यावर नाही. गल्ल्यावर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. बायको म्हणते, "लिहून काढा एकदाचं." म्हणून हे लिहायला घेतलं.

भास्करराव माझे साडू. उभं आयुष्य त्यांनी सहकारी साखर कारखान्याच्या कँटीनवर देखरेख करण्यात घालवलं. चहा पातळ झाला तर आचाऱ्याला समोर उभं करून तोच चहा प्यायला लावायचे. पुढं त्यांना शुगर निघाली, तेव्हा मी म्हणायचो, "कारखान्याची साखर बाहेर विकायची असते, अंगात साठवायची नसते." मग लागोपाठ दुष्काळ पडले, ऊसच राहिला नाही, कारखान्याचा भोंगा बंद झाला आणि कामगारांना घरी बसवलं. त्या दिवसांत त्यांच्याकडं जायला नको वाटायचं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर येऊन बसायचे. ड्युटीची वेळ टळली, की उठून आत जायचे आणि शर्ट काढून पुन्हा खुंटीला लावायचे. रोज हेच. माझी मेहुणी कुसुम चुलीपुढं बसून डोळे पुसायची.

अशात कुण्या ओळखीतून पुण्याच्या एका एजन्सीचं काम आलं. हायवेवर एकाच मालकाची बरीच हॉटेलं असतात. तिथं साधं गिऱ्हाईक बनून जायचं, जेवायचं, वेटर कसा बोलतो, भाजी गरम आहे का, संडास स्वच्छ आहे का ते बघायचं आणि मोबाइलवर कळवायचं. मोबदला मिळायचा, पेट्रोल मिळायचं आणि दोघांचं जेवण फुकट. दुसरा अर्थातच मी. मी त्यांना जेवणाचा सीआयडी म्हणायचो. "साडूभाऊ, इकडंतिकडं बघू नका, संशय येईल," असं मला दटावायचे आणि स्वतः टेबलाखाली वाकून फरशी पुसली आहे का ते बघायचे. शर्ट खुंटीवरून निघाला तो निघालाच. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला होता.

पण एजन्सीला सुखानं जेवू द्यायचं नव्हतं. आधी दुसऱ्याचं जेवण बंद झालं, म्हणजे माझी नोकरी गेली. मग पेट्रोल गेलं. मग मोबदला कमी झाला आणि आठवड्यातून दोनदा असलेलं काम रोजचं झालं. पुढं पुढं तर दुपारी एक हॉटेल, संध्याकाळी दुसरं. त्यात नवा नियम आला, की गोड पदार्थाचीही तपासणी करायची आणि रिकाम्या वाटीचा फोटो पाठवायचा. शुगरच्या माणसानं दिवसातून दोनदा गुलाबजाम खायचे! मी भडकलो. "फेकून द्या कुठंतरी आणि काढा वाटीचा फोटो."

"न खाता चव कशी लिवू?"

"मग सोडा हे काम. जीव जाईल एखाद्या दिवशी."

ते म्हणाले, "सोडून बसू कुठं, साडूभाऊ? ओट्यावर?"



एका हॉटेलाची मात्र त्यांची कायम तक्रार असायची. "सगळं झकास हाय तिथं, फक्त गुलाबजाम अगोड. फिक्कट, पिठासारखा. दर वेळी लिवावं लागतं." मी म्हटलं, "बिचाऱ्या वेटरला बोलणी बसत असतील हो." तर म्हणाले, "मग गोड करा म्हणावं की!"

तेराव्याला त्याच हॉटेलातले तीन वेटर आले. गणवेशातच, कारण परत ड्युटीवर जायचं होतं. फोन करणारा विष्णू त्यांत होता, चाळिशीचा, मूळचा सिरसाळ्याचा. मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, की तुम्ही त्यांना ओळखलं कसं?

"ग्लासावरून," तो म्हणाला. "आमची गिऱ्हाइकं अर्धं पाणी टाकून जातेत. काका सगळं प्यायचे आन् ग्लास पालथा घालायचे, कुणी फुकट भरू न्हाई म्हणून. आन् मग संडास बघून यायचे. दुसऱ्याच खेपेला कळलं, कंपनीचा माणूस हाय."

टँकरच्या दिवसांत आम्हा सगळ्यांच्याच घरात ही सवय लागली होती. ती आपल्याला उघडी पाडेल, हे त्या सीआयडीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग त्यांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर त्यांनीच काम सोडलं असतं. ओळखलेलं गिऱ्हाईक कंपनीला चालत न्हाई ना." मग त्यानं मान खाली घातली. "जेवणाआधी गोळी घ्यायचे. माझ्या बापाला बी तीच गोळी हाय. म्हणून आमी आत गुलाबजाम दाबून पाक काढायचो, गरम पाण्यातून काढायचो, मग द्यायचो."

"अरे, ते तुमच्या गुलाबजामाला अगोड लिहायचे!"

"म्हाईत हाय की. मॅनेजर दर वेळी सगळ्यांपुढं वाचून दाखवायचा." विष्णू हसला. "काका लई इमानी. खोटं कसं लिवतील?"

मी टॉवेल तोंडाला लावला आणि मागच्या दारी गेलो. डॉक्टर म्हणतात, हृदय थांबलं. कशानं थांबलं, हे मी कुणाला विचारू? कुसुमनं त्यांचा मोबाइल अजून बंद केलेला नाही. त्यावर एजन्सीचे निरोप येतच असतात, उद्या अमुक हॉटेल, परवा तमुक. मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. ती आपटू देत नाही.

परवा माल आणायला बीडला गेलो होतो. परतताना त्याच हॉटेलात शिरलो. विष्णूनं काही न विचारता मला त्यांच्या टेबलावर बसवलं. जेवलो, पाणी संपवलं आणि ग्लास कधी पालथा घातला ते मलाच कळलं नाही. विष्णू दारातच थबकला, क्षणभर ग्लासाकडं बघत राहिला. मी गुलाबजाम मागवला. काठोकाठ पाकात बुडालेला, मऊ, वेलची घातलेला. एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

त्या हॉटेलातला गुलाबजाम चांगला गोड असतो. भास्कररावांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.