दस्तीखालचा रुपया

डाळवाल्यांच्या संगतीत राहिलं की तूर संपते, किस्से संपत नाहीत. आमच्या लातूरच्या मोंढ्यात भाव चढतात आणि पडतात. किस्से फक्त चढतात. मी दलाल माणूस, त्यात भर घालतो असा माझ्यावर आरोप आहे. घालतो.

*

आमचे मल्लिनाथ अप्पा डाळ मिलचे मालक. यंदा इकडं तूर कमी, मिल बंद ठेवायची पाळी आलेली. टांझानियात तूर भरपूर, पण ती दुबईच्या एजंटकडून डॉलरमध्ये घ्यायची. नफा त्यातच विरघळायचा.

अप्पा टपरीवर म्हणाले, "तूर तिकडची, डाळ हितली. मधी डॉलर कशाला? नवरानवरी खाली अन् फोटूवाला बोहल्यावर, असं झालं हे."

*

अप्पा बँकेत गेले. "रुपयात सौदा करून द्या."

मॅनेजर हसला. "अप्पा, ही जगाची रीत आहे."

"रीत पाडली तवा आमाला निरोप हुता का?"

पुढं नियम बदलले. मॅनेजरनं स्वतः फोन केला, "अप्पा, रुपया चालतोय आता." अप्पांच्या दमानं दिल्लीतल्या फायली हलल्या, असं मी मोंढाभर सांगितलं. दोन टपऱ्यांवर चहा फुकट मिळाला.

*

अप्पांचे मेहुणे नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रोफेसर. जगाची रीत कोण पाडतं ते त्यांनी समजावलं, की जगाच्या मोठ्या बँकेत श्रीमंत देशांची मतं जास्त.

"आमच्या सोसायटीतबी असं न्हाई," अप्पा म्हणाले. "शंभर एकरवाला असू दे, मत एकच."

"म्हणून तर आपण चार-पाच देशांनी मिळून निराळी बँक काढली. काढणाऱ्यांची मतं सारखी."

"हां. चेअरमन खुर्ची सोडंना, की नवं पॅनल निघतंयच."

*

मग टांझानियाहून तूरवाल्या रेहेमाबाई स्वतःच आल्या. इंग्रजीत बोलायच्या, प्रोफेसर मराठीत सांगायचे. रुपया घेते म्हटल्यावर त्यांच्याही बँकेचा मॅनेजर हसला होता म्हणे.

अप्पा म्हणाले, "हसणारे मॅनेजर समदे एकाच गावचे दिसतेत."

*

आता सौदा. मोंढ्याची जुनी रीत अशी, की हातावर दस्ती, म्हणजे रुमाल, टाकायची आणि तिच्याखाली एकमेकांची बोटं दाबून, बघणाऱ्यांना कळू न देता, भाव ठरवायचा. बोटांचा हिशोब अप्पांच्या बायकोनं, अक्कांनी, बाईंना सकाळीच शिकवलेला. बाईंचं संध्याकाळचं विमान. सौदा मोडला तर मिल हंगामभर बंद.

अप्पांनी ऐटीत दस्ती पसरली. बाईंनी हात पुढं केला. अप्पांचा हात जागीच थिजला. परक्या बाईचा हात दस्तीखाली धरायचा कसा? सगळा मोंढा बघत होता.

अक्का उठल्या. "सरका तिकडं." त्यांनी हात घातला. दस्ती हलत राहिली. मधेच दोघी खुदकन हसल्या, मग गंभीर झाल्या, मग पुन्हा हसल्या. शेवटी दस्ती निघाली.

अप्पांनी हळूच विचारलं, "कितीला?"

अक्का दस्तीची घडी घालत म्हणाल्या, "तूर यायलीय. मिल झाडून घ्या."