वडखळ ते माणगाव, आणि माझा एकशे बाहत्तरचा आकडा

या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट किनाऱ्यांची नाही आणि माशांच्या थाळ्यांचीही नाही. ‘एक सिलेंडर की दोन? सरळ रस्त्यावर कोण पुढे?’ ही ती पोस्ट. माझी लाल बाईक एका सिलेंडरची, माझा मित्र नीलेश याची निळी दोन सिलेंडरची. दोन्ही स्पोर्ट बाईक माणगावजवळच्या एका बंद कारखान्याच्या आतल्या रस्त्यावर पळवून मी ती लिहिली होती. लाल ताशी एकशे बाहत्तर, निळी एकशे त्रेसष्ट. खाली ठासून लिहिलं होतं, ‘दोन्ही आकडे फोनच्या जीपीएसवर मोजलेले.’

त्यातलं अर्धं खोटं आहे. नीलेशच्या वेळी फोन चालू होता. माझ्या वेळी मी तो चालू करायलाच विसरलो आणि मीटरवर दिसलेला आकडाच ठोकून दिला. महिन्याभराने मेकॅनिकने सांगितलं, “मास्तर, घाटात ओढ मिळावी म्हणून चेनचं पुढचं दातेरी चाक, स्प्रॉकेट, तुम्हीच चौदा दात्यांचं बसवून घेतलंत. कंपनीचं पंधराचं असतं. मीटर पंधराच्या हिशेबाने चालतो, एक दाता कमी झाला की वेग फुगवून सांगतो.” तेव्हाच पोस्ट दुरुस्त करायला हवी होती. पण कौतुक चाललं होतं, आमच्या ग्रुपवर नीलेशची रोज टिंगल होत होती, आणि मला ते गोड लागत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसलो.

चार महिन्यांनी नीलेशचा धाकटा भाऊ सागर तीच निळी घेऊन त्याच रस्त्यावर गेला. त्याला मास्तरांचा आकडा मोडायचा होता. दुसऱ्या फेरीत, रस्त्याच्या शेवटाला, पुढचं चाक वाळूवर गेलं. त्याला दोन वर्षं झाली. सागर चोवीस वर्षांचा आहे आणि त्याचं कमरेखाली काही हलत नाही.

मागच्या महिन्यात नीलेशचा फोन आला. “मास्तर, निळी नीट करून ठेवलेली, आता विकतोय. तेच्या आधी सागरची एकच मागणी हाय. बोलतो, दोन्ही गाड्या एकाच यंत्रावर मोजा, मी कितीनं कमी पडलो ते मला सांगा. येशील ना?” मी हो म्हणालो. माणगावला पोचायच्या आधी वाटेत कुठेतरी त्याला खरं सांगायचं, असं ठरवूनच मी पेणच्या घरातून निघालो.

सकाळी सहाला वडखळच्या नाक्यावर भेटलो. नीलेश उरणकडचा. आजोबांचं मिठागर होतं, आता याचे डंपर चालतात. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. त्याचे आईवडील मला घरचाच समजतात, आणि माझ्या घरी चौदा एप्रिलला खीर ढवळायला हाच पुढे असतो. माणगावला महामार्गाने सरळ जाता येतं, पण तो म्हणाला, “सागर नेहमी समुद्रानं जायचा. तसंच जाव.”

जाणाऱ्यांसाठी सांगतो: वडखळ ते अलिबाग सकाळी सातच्या आत काढा, नंतर मुंबईच्या गाड्या सुरू होतात. रेवदंड्याचा पूल ओलांडला की रस्ता अरुंद होतो आणि वळणावर वाळू साचलेली असते, म्हणून हात आवरता ठेवा. काशीदच्या अलीकडे सुरूची झाडं सुरू होतात आणि डावीकडच्या टेकड्यांवरून थंड वारा खाली येतो. एरवी इथे मी हेल्मेटची काच वर करून गाणं म्हणतो. त्या दिवशी काच खालीच राहिली.

काशीदला एका घराच्या ओट्यावर घावणे आणि चहा घेतला. दोघांचे मिळून दीडशेच्या आत झाले. वाढणाऱ्या मावशींनी गाड्या बघून विचारलं, “यातली जास्त कुठली पळते?”

“लाल,” नीलेश म्हणाला. “मास्तरांची.”

आता सांगावं, असं वाटलं. “नीलेश, ऐक,” इतकं म्हणालोही. तेवढ्यात सागरचा व्हिडिओ कॉल आला. त्याला समुद्र दाखवायला नीलेश फोन घेऊन वाळूत उतरला, बुटांसकट पाण्यात गेला. मी ओट्यावर बसून पुढचा घावणा संपवला. भूक नव्हती, तरी संपवला. आपण किती हलके आहोत हे अशा वेळी समजतं.

मुरुडला न थांबता आगरदांड्याला गेलो. इथून दिघीला फेरीबोट जाते, गाड्याही घेते. माणसाचं तिकीट वेगळं, दुचाकीचं वेगळं. वेळा बदलत असतात, म्हणून इंटरनेटवर विसंबू नका, जेट्टीवरच विचारा. आम्हाला पाऊण तास थांबावं लागलं. बोटीत गाड्या स्टँडवर लावून आम्ही कठड्याला टेकलो. खाडीचं पाणी सपाट होतं आणि जंजिरा दूर धूसर दिसत होता.

“सागर झोपत न्हाय रे,” नीलेश म्हणाला. “सारखं एकच. सहानं कमी पडलो की सातनं. मी बोलतो, आता काय फरक पडतो? तर बोलतो, दादा, पाय गेले ते कशापायी, तेवढं तरी कळू दे.”

बोटीला जागच्या जागी भोक पडावं असं मला वाटलं. पंधरा मिनिटांचा तो प्रवास. नीलेशला वाटलं मला बोट लागते, म्हणून त्याने बॅगेतून आवळासुपारी काढून दिली. मी ती चघळत दिघीला उतरलो.

दिघीहून म्हसळा आणि साईवरून माणगाव, असा रस्ता आहे. आता बराचसा चांगला झालाय, पण अवजड ट्रकांची वर्दळ असते आणि ते वळण कापून येतात. म्हसळ्यात पेट्रोल भरून घ्या. मी मुद्दाम मागे राहून चालवत होतो. नीलेश तीनदा थांबला, आरशात मी दिसेना म्हणून.

माणगावच्या बाजारात जेवून दोन वाजता कारखान्याच्या फाटकावर पोचलो. मालकाची चिठ्ठी होती. चौकीदार काका ओळखीचे. “जय भीम, मास्तर,” म्हणाले, आणि नीलेशकडे वळले. मग म्हणाले, “शेवटचा टप्पा मी झाडून घेतलाय. रोज झाडतो आता.”

आतला रस्ता जेमतेम दोन किलोमीटर, सरळ. सार्वजनिक रस्त्यावर हा उद्योग आम्ही कधी केला नाही, तुम्हीही करू नका, आणि खरं तर इथेही करू नका. नीलेशने काड्यापेटीएवढं जीपीएस यंत्र आणलं होतं. ते गाडीच्या मीटरला काही विचारत नाही, आकाशातून खरा वेग मोजतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ते यंत्र त्याच्या टाकीवर चिकटवतानाही नीलेशचं बोट माझ्याकडेच रोखलेलं आहे असं वाटत होतं.

आधी तो गेला. एकशे त्रेसष्ट. पोस्टमध्ये होता तोच आकडा.

मग यंत्र लालवर आलं आणि मी गेलो. शंभरपर्यंत लाल भन्नाट उठते, तिच्यावर जीव जडतो तो तिथेच. पुढे ती दमते. मीटरवर एकशे बाहत्तर दिसले आणि मी हात सोडला. वळून परत आलो, तर नीलेश रस्त्यातच उभा होता.

“मीटर काय बोलला?”

“एकशे बाहत्तर.”

त्याने यंत्र काढून बघितलं. त्यावर एकशे अठ्ठावन्न होते. डंपरवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. तो चेनपाशी उकिडवा बसला.

“पुढं किती दात?”

“चौदा.”

“कंपनीचे?”

“पंधरा.”

“कधीपासून?”

“पोस्ट लिहिली त्याच्या आधीपासून. तेव्हा फोन चालू नव्हता, नीलेश. मी मीटरचा आकडा लिहिला. एका महिन्याने मला कळलं मीटर खोटा आहे. सागर पडला त्याच्या तीन महिने आधी.”

त्याने खिशातून एक फोन काढला. त्याची काच तडकलेली होती. सागरचा, त्या दिवशीचा. जीपीएसच्या नोंदीत दोन ओळी होत्या. दुसरी अर्ध्यावर तुटलेली. पहिली पूर्ण होती. सागर अंगाने हलका, म्हणून निळी त्याच्या हाताखाली जरा जास्त पळाली होती. एकशे सहासष्ट.

“पयल्याच फेरीत,” नीलेश म्हणाला. “पयल्याच फेरीत तो तुझ्या पुढं व्हता.”

तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. मला शिवी दिली असती, दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी उभा तरी राहिलो असतो. चौकीदार काका पाणी घेऊन आले, आमची तोंडं बघून तांब्या ठेवून निघून गेले. नीलेश उठला आणि हेल्मेट चढवलं.

“हे तेला तू सांगायचं. माझ्या तोंडातून न्हाय निघणार.”

परतीचा महामार्ग कोलाड, नागोठण्यावरून. कामं चालू आहेत, धूळ आहे, दोन तास धरा. तो पुढे होता, मी मागे. पेणला मी घराकडे वळलो, तो उरणकडे गेला, थांबला नाही.

दरवेळी शेवटी मी लिहितो, या ट्रिपमधून काय घेऊन आलो. या वेळी आणण्यासारखं काही नाही. घरी आल्यावर जुनी पोस्ट उघडली, एकशे बाहत्तर खोडून एकशे अठ्ठावन्न केले, का केले तेही लिहिलं. त्याने कुणाचं काय भलं झालं ते मला माहीत नाही. गाडी आठ दिवस बाहेर काढलेली नाही, पण तीही पश्चात्तापाची ऐटच वाटते. मित्र गेला, आणि त्याबद्दल रडायचा हक्कसुद्धा मला नाही.

रविवारी सागरकडे गेलो. नीलेश दार उघडून अंगणात निघून गेला. सागर खाटेवर उशीला टेकून बसला होता, त्याची आई सुपात कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन, दाते, खरा आकडा एकशे अठ्ठावन्न, कळूनही गप्प बसलो ते. तो रागावेल, हाकलून देईल, याची तयारी करून गेलो होतो.

सागर हसला. खरंच, तोंडभर हसला. “म्हंजे मी जिंकलो व्हतो? मास्तर, आठनं? आये, ऐकलास? पयल्याच फेरीला मी मास्तरांना आठनं मारलेला.”

आईंचे हात सुपात थांबले. त्यांना गाड्यांतलं काही कळत नाही. त्या माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होत्या.

“मंग दुसऱ्यांदी कशाला गेलास रं?”

सागर अजून हसत होता. “अगं, मास्तरांनी एकशे बाहत्तर लिवलेलं ना.”